माग काढणारे नाक

वर्तमानपत्रात चोरीची बातमी वाचताना एका ठरावीक मजकुराशी तुमची गाठ पडली असेल. पोलिसांनी श्वानपथकास पाचारण केले, श्वानाने हमरस्त्यापर्यंत माग काढला आणि तेथे ते घुटमळले. बहुतेक वाचक एवढे वाचून पुढच्या बातमीकडे वळतात. आपण मात्र येथे जरा थांबू आणि स्वतःला तीन प्रश्न विचारू. कुत्र्याने नेमके काय हुंगले? हमरस्त्यापर्यंत सापडणारा वास तेथे एकाएकी का हरवला? आणि समजा, कुत्रा एखाद्या माणसापाशी जाऊन थांबला असता, तर तोच चोर असे म्हणता आले असते काय?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण माग काढण्याच्या कामी जगात सर्वांत नावाजलेल्या कुत्र्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ब्लडहाउंड.

नाव भीतिदायक, स्वभाव मवाळ

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही कुत्रे सावज डोळ्यांनी पाहून त्याच्यामागे धावतात. आपल्याकडचा सडपातळ, लांब पायांचा कारवानी कुत्रा या वर्गातला. दुसऱ्या वर्गातले कुत्रे सावज दिसत नसतानाही, ते ज्या वाटेने गेले त्या वाटेवरचा वास हुंगत जातात. ब्लडहाउंड हा या दुसऱ्या वर्गाचा मुकुटमणी होय.

त्याचे मूळ स्थान आजच्या बेल्जियममधील आर्देनचे जंगल मानले जाते. इ. स. ७२७ मध्ये निधन पावलेले संत ह्यूबर्ट हे शिकाऱ्यांचे संरक्षक संत समजले जातात. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मठातील साधूंनी मागावर जाणारे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, आणि मठाकडून ते फ्रान्सच्या राजांना नजराणा म्हणून पाठवले जात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत हा मठ बंद पडला. युरोपच्या मुख्य भूमीवर या कुत्र्यांचा वंश जवळजवळ संपला. परंतु इंग्लंडमध्ये तो टिकून होता. एकोणिसाव्या शतकात तेथूनच कुत्रे परत आणून बेल्जियममध्ये ही जात पुन्हा उभी करण्यात आली.

'ब्लड' म्हणजे रक्त. त्यामुळे हा कुत्रा रक्तपिपासू असावा असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. जखमी सावजाच्या रक्ताच्या वासावर जाणारा कुत्रा, असा एक अर्थ लावला जातो. काहींच्या मते येथे 'रक्त' म्हणजे शुद्ध, खानदानी वंश. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर गुरे पळवणाऱ्या टोळ्यांचा माग काढण्यासाठीही असे कुत्रे वापरत. तेथे त्यांना 'स्लूथ हाउंड' म्हणत. 'स्लूथ' म्हणजे माग. इंग्रजीत गुप्त पोलिसाला 'स्लूथ' म्हणण्याची पद्धत या कुत्र्यावरूनच पडली.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे ६८ सेंटिमीटर उंच आणि ४६ ते ५४ किलोग्रॅम वजनाचा असतो. मादी थोडी लहान असते. कान लांब व लोंबते, कातडी सैल, कपाळावर वळ्या आणि चेहरा कायम दुःखी! स्वभाव मात्र अत्यंत मवाळ, काहीसा भिडस्त. माग संपून माणूस सापडला की हा कुत्रा सहसा त्याच्यावर तुटून पडत नाही. शेपटी हलवीत त्याला चाटायला जातो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येसाठी शिक्षा भोगणारा जेम्स अर्ल रे हा १० जून १९७७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या तुरुंगातून पळाला. १३ जूनच्या पहाटे डोंगराळ जंगलात, पालापाचोळ्याखाली दडलेला तो ब्लडहाउंड कुत्र्यांनीच शोधून काढला.

बॉइल आणि वासाचे कण

बॉइलचा नियम तुम्ही पाठ केला आहे. तापमान कायम असता वायूचा दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात घटते. या नियमाच्या रॉबर्ट बॉइलनेच ब्लडहाउंडची एक हकिकत नोंदवून ठेवली आहे, हे मात्र तुम्हांला ठाऊक नसेल.

पदार्थांतून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म कणांविषयी बॉइलने १६७३ साली काही निबंध प्रसिद्ध केले. त्यांत तो सांगतो, की एका प्रतिष्ठित गृहस्थाला आपला तरुण ब्लडहाउंड नीट तयार झाला आहे की नाही हे पाहायचे होते. त्याने एका नोकराला चार मैलांवरच्या एका गावी आणि तेथून पुढे तीन मैलांवरच्या बाजाराच्या गावी पायी पाठवले. नंतर कुत्रा सोडला. कुत्र्याने नोकराला जाताना पाहिले नव्हते. त्याच वाटेने बाजारकरूंची रीघ लागली होती. तरीही कुत्रा वाटेतल्या कोणाकडे न पाहता नेमका त्या घरी पोहोचला आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत विसावलेल्या नोकरापाशी जाऊन थांबला.

बॉइलला यातून काय सुचवायचे होते? प्रत्येक शरीरातून सतत काहीतरी बाहेर पडत असते. ते डोळ्यांना दिसत नाही, तराजूत मोजता येत नाही; पण ते आहे, आणि प्रत्येक माणसाचे ते निराळे आहे. रेणूंचा सिद्धांत पक्का होण्याच्या कितीतरी आधी एका कुत्र्याच्या नाकाने त्याची साक्ष दिली होती!

आज आपण अधिक नेमके सांगू शकतो. आपल्या त्वचेवरून दर मिनिटाला हजारो सूक्ष्म पापुद्रे गळत असतात. त्यांच्यावर घाम, त्वचेतील स्निग्ध पदार्थ आणि जीवाणू असतात. या जीवाणूंच्या क्रियेतून बाष्परूप होणारी अनेक संयुगे तयार होतात. हे पापुद्रे धुळीसारखे खाली बसतात, गवताला चिकटतात किंवा वाऱ्याने बाजूला जातात. म्हणून मागावरचा ब्लडहाउंड पुष्कळदा पावलांच्या ठशांवरून न जाता वाऱ्याच्या दिशेने काही अंतर सोडून, पण वाटेला समांतर असा धावतो. पाहणाऱ्याला वाटते कुत्रा चुकला. वास्तविक वास जेथे आहे तेथेच तो असतो.

एक छोटेसे गणित

आता थोडे गणित करू. वासाचे रेणू हवेत पसरतात याला आपण विसरण म्हणतो. वर्गाच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की तिचा वास विसरणामुळे दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचतो, असे आपण सहज लिहून जातो. ते कितपत खरे आहे?

विसरणाने एखादे अंतर तोडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र असे: वेळ = (अंतर)² ÷ (२ × विसरणांक). वासाच्या रेणूंचा हवेतील विसरणांक ढोबळमानाने दर सेकंदाला ०.१ चौरस सेंटिमीटर धरू. मग १० सेंटिमीटर अंतर तोडायला ५०० सेकंद, म्हणजे सुमारे आठ मिनिटे लागतील. १ मीटरला ५०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास! आणि ४ मीटर रुंदीच्या खोलीला? नऊ दिवसांहून अधिक!

परंतु उदबत्तीचा वास तर आपल्याला मिनिटाभरात येतो. याचा अर्थ तो विसरणाने येत नाही. खोलीतल्या हवेचे प्रवाह त्याला वाहून आणतात. हवा पूर्ण निश्चल असती, तर जगात वास घेणे हा फार कंटाळवाणा उद्योग झाला असता.

कुत्र्याची अडचण नेमकी येथेच आहे. वास जमिनीवर आहे आणि तो जाणणाऱ्या पेशी नाकाच्या खोल आतल्या भागात आहेत. विसरणावर विसंबून भागणार नाही. म्हणून कुत्रा हुंगतो, म्हणजे स्वतः हवेचा प्रवाह निर्माण करतो, तोही सेकंदाला सुमारे पाच वेळा.

नाकाची रचना

कुत्र्याच्या नाकपुडीकडे निरखून पाहा. पुढे गोल भोक असते आणि बाजूला एक फट असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गॅरी सेटल्स यांनी हवेचे प्रवाह दाखवणाऱ्या छायाचित्रणाने या नाकाचा अभ्यास केला. श्वास आत घेताना हवा समोरून येते. सोडताना मात्र ती बाजूच्या फटींतून मागच्या दिशेला आणि बाहेर फेकली जाते. त्यामुळे समोरचा ताजा वास उधळला जात नाही. शिवाय मागे जाणारे हे झोत जमिनीवरची सूक्ष्म धूळ हलवतात. तुम्ही रांगोळीवर वाकून समोरच श्वास सोडलात तर काय होईल, ते आठवा म्हणजे या युक्तीचे मोल कळेल.

नाकात शिरल्यावर हवेच्या दोन वाटा होतात. सेटल्स यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आत घेतलेल्या हवेपैकी सुमारे १२ ते १३ टक्के हवा वरच्या वाटेने थेट मागच्या घ्राणकक्षात जाते आणि उरलेली फुप्फुसांकडे वळते. श्वास सोडताना या घ्राणकक्षातली हवा झाडून बाहेर काढली जात नाही. ती तेथे रेंगाळते. आपल्या नाकात अशी वेगळी खोली नाही.

हा कक्ष पातळ हाडांच्या गुंडाळ्यांनी भरलेला असतो आणि त्यांमधल्या फटी मिलिमीटरच्या घरातल्या असतात. आता आपले सूत्र पुन्हा वापरा. १ मिलिमीटर म्हणजे ०.१ सेंटिमीटर. वेळ येतो ०.०५ सेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग! खोलीत ज्या विसरणाला नऊ दिवस लागले असते, तेच विसरण या फटीत एका हुंगण्याच्या आत काम उरकते. अंतराच्या वर्गाचा जो नियम बाहेर कुत्र्याला अडवतो, तोच आत त्याच्या मदतीला येतो.

फटींच्या भिंती ओलसर असतात. त्या ओलाव्यात चटकन विरघळणारे रेणू सुरुवातीलाच शोषले जातात आणि कमी विरघळणारे पुढपर्यंत जातात. टिपकागदावर शाईचे निरनिराळे रंग वेगवेगळ्या अंतरावर पसरतात, त्याचाच हा प्रकार. वासाचे घटक असे वेगळे होण्याने कुत्र्याला वास ओळखायला मदत होत असावी. वास जाणणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात पन्नास लाख ते एक कोटीच्या घरात मानतात. कुत्र्यांत हा अंदाज जातीनुसार दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत जातो आणि त्यात ब्लडहाउंडचा क्रमांक वरचा धरतात.

लांब कान जमिनीवरचा वास ढवळून नाकाकडे आणतात आणि कातडीच्या वळ्या तो धरून ठेवतात, असेही अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. कल्पना आकर्षक आहे; पण तिला प्रयोगाचा आधार नाही. उभ्या कानांचा, घट्ट कातडीचा अल्सेशियनही उत्तम माग काढतो, हे आपण विसरू नये. शास्त्राच्या विद्यार्थ्याने आकर्षक कल्पनेलाही पुरावा मागावा.

वास का हरवतो?

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. तापमान वाढले की पदार्थाचा बाष्पदाब वाढतो. म्हणून उन्हाने तापलेल्या डांबरावरचा वास लवकर उडून संपतो. सावलीतल्या ओलसर गवतात तोच वास हळूहळू बाहेर पडत राहतो. पहाटेची थंड हवा जड असल्याने खोलगट भागात साचते व वासही तेथे टिकतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो आणि धावत्या मोटारींमागचे भोवरे तो चहूकडे विखरून टाकतात.

हमरस्त्यावर कुत्रे घुटमळले की आरोपी तेथून वाहनात बसून पळाले असावेत, असे बातमीत लिहिलेले असते. तसे असेलही. पण तो माणूस चालतच रस्ता ओलांडून गेला आणि तापलेल्या, वर्दळीच्या रस्त्याने त्याचा माग पुसून टाकला, ही शक्यताही तितकीच विचारात घ्यायला हवी.

मागाची दिशा कुत्र्याला कशी कळते, हाही गमतीचा प्रश्न आहे. नॉर्वेतील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्यांना वाटेच्या मध्येच आणून सोडले. दोन ते पाच पाऊलठसे हुंगून, अवघ्या तीन ते पाच सेकंदांत, माणूस कोणत्या दिशेने गेला हे त्या कुत्र्यांनी ठरवले. लागोपाठच्या दोन ठशांमध्ये वेळेचा फरक असतो केवळ एक-दोन सेकंदांचा! ते कुत्रे ब्लडहाउंड नव्हते. परंतु श्वानाचे नाक किती सूक्ष्म फरक टिपते हे त्यावरून दिसते.

नाकाची किंमत

एवढे नाक लाभलेल्या कुत्र्याचा सांभाळ सोपा नाही. त्याच्या अडचणी त्याच्या गुणांतूनच निघतात.

ब्लडहाउंड एकदा मागावर लागला की मालकाची हाक ऐकूनही ऐकत नाही. लोक त्याला हट्टी म्हणतात. पण शतकानुशतके माणसाने याच चिकाटीसाठी त्याची निवड केली. नाक खाली आणि लक्ष वासावर, अशा अवस्थेत तो सरळ रस्त्यावर जाईल. म्हणून त्याला मोकळे सोडू नये. छातीपट्टा व लांब दोर हवा, किंवा उंच कुंपणाचे आवार हवे. मारून तो शिकत नाही, बुजतो. शाबासकी आणि खाऊचा तुकडा यांनी शिकतो. त्याला रोज फिरणे लागते आणि नाकाला काम लागते. दिवसभर एकटा कोंडलेला ब्लडहाउंड आपल्या खोल, घुमणाऱ्या आवाजाने सारी आळी जागी करील.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, ओल राहते आणि जंतू वाढतात. ते आठवड्यातून एकदा पुसून कोरडे करावे लागतात. खालची पापणी लोंबते, तीत धूळ साठते. कातडीच्या वळ्याही कोरड्या ठेवाव्या लागतात. लाळ तर सतत गळते.

सर्वांत मोठा धोका पोटाचा. रुंद व खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगते आणि कधी स्वतःभोवती पिळले जाते. मग वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही. दाब वाढतो, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही तासांत कुत्रा दगावू शकतो. पोट फुगणे, अस्वस्थ येरझारा, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काहीच न येणे, ही लक्षणे दिसताच क्षणाचाही उशीर न करता पशुवैद्य गाठावा. एकदम पोटभर न घालता दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खायला द्यावे आणि खाण्याच्या आगेमागे पळवू नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. तो धापा टाकतो आणि जिभेवरच्या व तोंडातल्या पाण्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड करतो. हवा दमट असेल तर हे बाष्पीभवन मंदावते. शिवाय तोंडाने धापा टाकणारा कुत्रा त्याच वेळी नीट हुंगू शकत नाही. म्हणजे उष्णतेत कुत्र्याचा जीव तर धोक्यात येतोच, पण ज्यासाठी त्याचे नाव आहे ते नाकही निकामी होते. आर्देनच्या थंड जंगलात घडलेला हा कुत्रा विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवणे ही हौस नव्हे, त्याच्यावर केलेला अन्याय होय. एवढे करूनही त्याचे आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचेच.

कुत्र्याची साक्ष

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कुत्रा ज्याच्यापाशी थांबला, तो गुन्हेगार काय?

कुत्र्याचे नाक फार तर एवढेच सांगते, की दिलेल्या वस्तूचा वास आणि या माणसाचा वास जुळतो. तो माणूस तेथे कधी, कशासाठी गेला होता, हे नाकाला कळत नाही. अपराध्याला आणि निरपराध्याला सारखाच वास असतो. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात स्वातंत्र्यासाठी पळणाऱ्या गुलामांमागेही असेच माग काढणारे कुत्रे सोडले जात, याची आठवण ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्फोटके व अमली पदार्थ शोधणाऱ्या १८ कुत्र्यांना त्यांच्या प्रशिक्षकांसह एका इमारतीत नेले. वास कोठे कोठे लपवला आहे असे प्रशिक्षकांना सांगितले होते. खरे तर कोठेही काहीच ठेवलेले नव्हते! तरीही बहुतेक वेळा 'सापडले' अशी नोंद झाली. माणसाची अपेक्षा नकळत कुत्र्यापर्यंत पोहोचली, किंवा माणसाला जे पाहायचे होते तेच त्याला दिसले.

आपल्या न्यायालयांनीही सावधगिरी बाळगली आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली अशा पुराव्यावरच्या आक्षेपांचा विचार केला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीला उत्तरे देऊ शकत नाही, हा त्यांतला एक. २००१ सालच्या आंध्र प्रदेशातील खटल्यातही न्यायालयाने अशा पुराव्यातील उणिवा दाखवून दिल्या. कुत्रा तपासाला वाट दाखवतो; निकाल देणे हे त्याचे काम नव्हे.

तुम्ही करून पाहा

१) खोलीची दारे-खिडक्या लावा, पंखा बंद करा. एका टोकाला मोठ्या माणसाच्या देखत उदबत्ती लावा. १, २, ३ व ४ मीटरवर मित्रांना डोळे मिटून बसवा. प्रत्येकाला वास केव्हा आला ते घड्याळावर टिपा. वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो काय? नसेल तर का?

२) थंड आरसा नाकाखाली आडवा धरून श्वास सोडा. बाष्पाचे डाग कोठे उमटतात ते पाहा. नंतर ओळखीच्या, गरीब स्वभावाच्या कुत्र्याला धुळीच्या जमिनीवर हुंगताना दुरून पाहा. धूळ कोणत्या बाजूला हलते?

निरीक्षणे वहीत लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी 'श्वान तेथे घुटमळले' असे वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा त्या दिवशी ऊन किती होते, वारा कोणत्या दिशेचा होता आणि दोर कोणाच्या हातात होता, हेही विचारा.